चेंडूकडे न बघता

बास्केटबॉल फरशीपासून ३० सेंटिमीटर उंचीवरून नुसता सोडला, तर खाली पोचायला त्याला सुमारे पाव सेकंद लागतो. ड्रिबल करताना आपण चेंडू सोडत नाही, ढकलतो; त्यामुळे तो वेळ आणखी कमी होतो. वर यायला जवळपास तेवढाच वेळ धरला, तरी गुडघ्याखालच्या ड्रिबलमध्ये हातातून निघालेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत परत हातात असतो. याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवू. डोळ्यांना काही दिसणं आणि त्यावरून हात हलायला लागणं, यात साधारण एक पंचमांश सेकंद जातो. आणि तोही दिवा लागला की बटण दाबायचं, इतक्या सोप्या कामात. चेंडू फरशीवर आपटून जरासा उजवीकडे उडाला हे बघायचं आणि मग हात उजवीकडे न्यायचा म्हटलं, तर उशीर ठरलेलाच. तरीही शाळेच्या संघातली बरी खेळणारी मुलगी असा खालचा ड्रिबल मिनिटभर सहज करते. तिचा हात चेंडू जिथे येणार तिथे आधीच पोचलेला असतो. तो अंदाज तिला बोटांकडून मिळतो: मागच्या वेळी चेंडू कोणत्या बोटावरून शेवटी सुटला, मनगटाने किती दाबला, तळवा किती कलला होता. नवशिका मान खाली घालून चेंडूकडे टक लावून बघतो, तेव्हा त्याचे डोळे चालू टप्पा सांभाळत नसतात, होऊन गेलेल्या टप्प्याची खबर देत असतात. ही खबर शिकताना उपयोगी पडते, पण ती कायमची सवय झाली की खेळाडूची वाढ तिथेच अडते.

घरातला बास्केटबॉलचा सराव ही बहुतेकांना कोर्ट न मिळाल्यामुळे केलेली तडजोड वाटते. बास्केट नाही, पळायला जागा नाही, समोर कोणी नाही. मग करायचं काय? वरचं गणित मान्य केलं, तर करण्यासारखं बरंच उरतं. चेंडू हाताळणं स्पर्श, अंदाज आणि लय यांवर उभं आहे, आणि या तिन्हींना दीड मीटर लांबीरुंदीची मोकळी फरशी पुरते. घरच्या सरावाचं खरं काम डोळे मोकळे करणं हे आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि त्या एका कामासाठी बैठकीची खोली कोर्टाच्या तोडीची आहे, एखाद्या बाबतीत सरसही आहे. बाकीच्या कामांसाठी ती तितकीशी उपयोगाची नाही, हेही पुढे येईलच.

डोळे मोकळे असण्याला एवढं महत्त्व का, हे खेळाच्या जन्मापासूनच दिसतं. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ बसवला, तेव्हा त्यांच्या १३ नियमांत ड्रिबल नव्हताच. चेंडू हातात आला की पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच टाकायचा, असा नियम होता. खेळाडूंनी यातून वाट काढली. चेंडू टाकायचा, पण स्वतःसाठीच. फरशीवर आपटायचा आणि पुढे जाऊन पुन्हा घ्यायचा. नियमकर्त्यांनी काही काळ मर्यादा घालून बघितल्या आणि शेवटी ही युक्ती खेळाचा भाग झाली. म्हणजे ड्रिबल ही चेंडूसकट हलण्याची मुभा आहे. हलायचं कशासाठी, तर मोकळा साथीदार शोधायला, बचावातली फट गाठायला. ज्याची नजर चेंडूला चिकटलेली आहे, त्याने ही मुभा घेतली आणि ती ज्यासाठी घ्यायची तेच घालवून बसला. समोरचा बचावपटू चांगला असेल तर तो चेंडूआधी ही खाली झुकलेली मान बघतो.

मग बोटांना शिकवायचं कसं? एकच टप्पा सावकाश करून बघावा. चेंडू वर येत असताना पसरलेल्या बोटांची पेरं त्याला आधी भेटतात; तळव्याच्या खोलगट भागाला चेंडू लागत नाही. भेट झाल्यावर हात लगेच खाली मारायचा नसतो. चेंडूबरोबर तो काही सेंटिमीटर वर जातो, मनगट मागे झुकतं, चेंडूचा वेग बोटांत विरतो आणि मगच मनगट पुढे येऊन त्याला खाली लोटतं. बोटांना सगळी माहिती या वर जाण्याच्या क्षणात मिळते. जो चेंडूवर नुसता चापट मारतो त्याला हा क्षणच मिळत नाही, आणि चूक त्याच्या लक्षातही येत नाही, कारण चेंडू तर उसळतच राहतो. इथे घराचा एक फायदा आहे, तो सहसा कोणी मोजत नाही: शांतता. बरोबर टप्प्यात फरशीचा आवाज येतो, हाताचा जवळजवळ येत नाही. हाताजवळ ‘थप्प’ असं ऐकू आलं की तळवा लागला असं समजावं. दहा चेंडू एकाच वेळी दणदणत असलेल्या कोर्टवर हा आवाज प्रशिक्षकालाही ऐकू येत नाही.

यासाठी चेंडू हाताच्या मापाचा असायला हवा. पुरुषांचा ७ नंबरचा चेंडू सुमारे ७५ सेंटिमीटर घेराचा आणि ६०० ग्रॅमच्या आसपास असतो. मुली आणि स्त्रिया ६ नंबरचा वापरतात, तो घेराला आणि वजनाला थोडा कमी. लहान मुलांसाठी ५ नंबरचा, साधारण ७० सेंटिमीटर घेराचा आणि पाचशे ग्रॅमच्या आत बसणारा. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला ७ नंबरचा चेंडू आणून देणारे पालक कपड्यांच्या बाबतीत शहाणे असतील, इथे नाहीत. मोठा चेंडू बोटांत मावत नाही, मग मूल तळव्याचा आधार घेतं आणि जे शिकायला नको तेच शिकतं. हवाही बघावी. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण कमरेपर्यंत उसळायला हवा. त्याहून मऊ चेंडू प्रत्येक टप्प्याला जास्त जोर मागतो आणि लय बिघडते.

घर म्हटलं की खालचे शेजारी आले, आणि त्यांची तक्रार रास्त असते. स्लॅबवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज भिंती-पडद्यांनी अडत नाही, तो काँक्रीटमधूनच खाली जातो. सतरंजी अंथरून आवाज थोडा बसतो, पण उसळीही बसते. फोमचे बिनआवाजाचे चेंडू मिळतात. त्यांवर लय शिकता येते, पण बहुतेक चेंडू हलके असतात आणि बोटांना खऱ्या चेंडूचा भार कळत नाही, म्हणून त्यांचा उपयोग मर्यादितच समजावा. माझं मत विचाराल तर टप्प्याचा सराव पार्किंगमध्ये, गच्चीवर किंवा तळमजल्यावर, लोकांच्या झोपेच्या वेळा सोडून करावा आणि घरात बिनटप्प्याचा. बिनटप्प्याच्या सरावाला कमी लेखायचं कारण नाही. चेंडू कमरेभोवती, डोक्याभोवती, गुडघ्यांभोवती फिरवणं. दोन्ही हात डोक्यावर सरळ ठेवून नुसत्या बोटांच्या टोकांनी चेंडू इकडून तिकडे टपटपवणं. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पायांमधून इंग्रजी आठच्या आकड्यात चेंडू फिरवणं. या शेवटच्या प्रकारात चेंडू एका हाताने पायांमधून मागे जातो आणि दुसऱ्या हाताने तो मांडीच्या मागे घ्यायचा असतो, म्हणजे जिथे डोळे पोचतच नाहीत अशा ठिकाणी. पहिल्या दिवशी चेंडू तिथेच पडतो. काही दिवसांनी घेणारा हात आधीच तिथे जाऊन उघडलेला असतो. आवाज शून्य, आणि सुरुवातीला सांगितलेला अंदाज नेमका हाच.

आता मुख्य शंका. चेंडूकडे लक्ष न देता सराव करायचा, तर हात चुकीचंच शिकणार नाही का? या शंकेचं सर्वांत चांगलं उत्तर फुटबॉलच्या एका प्रयोगात सापडतं. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नवशिक्या आणि अनुभवी खेळाडूंना शंकूंच्या रांगेतून पायाने चेंडू नागमोडी न्यायला लावला. एका खेपेला त्यांना आपल्या पायाच्या कोणत्या बाजूने चेंडूला शेवटचा स्पर्श झाला याकडे लक्ष ठेवायचं होतं. दुसऱ्या खेपेला शब्दांची यादी ऐकत राहायची आणि ठरावीक शब्द आला की उच्चारायचा. नवशिक्यांना पायाकडे लक्ष दिल्याने फायदा झाला. अनुभवी खेळाडू उजव्या पायाने खेळताना उलट घडलं: पायाकडे लक्ष दिलं की ते मंदावले, शब्दांत लक्ष गुंतलं की चांगले खेळले. पण त्याच अनुभवी खेळाडूंना कच्च्या डाव्या पायाने खेळायला लावल्यावर ते नवशिक्यांसारखे वागले, त्यांना लक्ष देण्याचा फायदा झाला. या निकालात घरच्या सरावाचा सगळा क्रम दडलेला आहे. नवी गोष्ट आधी बघून, लक्ष देऊन, सावकाश करायची. ती बसली की लक्ष मुद्दाम काढून घ्यायचं. आणि हा निर्णय माणसागणिक नव्हे, हातागणिक घ्यायचा: उजवा हात दुसऱ्या पायरीवर गेला तरी डावा अजून पहिल्याच पायरीवर असू शकतो. उजव्या हाताला जमलं म्हणून दोन्ही हातांची घाई करणं ही घरोघरी होणारी चूक आहे.

लक्ष काढून घेण्यासाठी परदेशात प्लास्टिकचे खास चष्मे विकतात, त्यांतून खालचं दिसत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा हनुवटीखाली धरायला सांगितलं तरी तेच काम होतं. पण नुसतं खालचं झाकण्यापेक्षा वरचं काहीतरी बघायला देणं जास्त चांगलं, कारण सामन्यात डोळ्यांना रिकामपण नसतं. ड्रिबल चालू ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी मोठ्याने वाचायच्या. समोर बसलेल्या आजीने बोटं दाखवायची आणि मुलाने आकडा सांगायचा. तेराचा पाढा म्हणायचा. पाढा अडखळला आणि चेंडू सुरळीत राहिला तर समजावं की लक्ष अजून हातात अडकलंय. दोन्ही एकदम सुरळीत चालायला लागले की तो हात, त्या प्रकारापुरता, मोकळा झाला. पोळी लाटता लाटता घरातली बाई मुलाचा अभ्यास घेते, तेव्हा तिच्या हातांनी हा टप्पा कधीच ओलांडलेला असतो.

दोन हातांचा ताळमेळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. दोन्ही तर्जन्या समोर धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. दोन्ही एकाच वेळी डावीकडे, मग उजवीकडे, मोटारीच्या वायपरसारख्या. वेग वाढवत गेलात की एका क्षणी बोटं तुम्हाला न विचारता बदलतात आणि एकमेकींच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी, एकदम आत आणि एकदम बाहेर हलायला लागतात. स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात हे प्रयोगशाळेत मोजलं आणि १९८५ मध्ये हाकेन आणि बुन्झ यांच्याबरोबर त्याचं गणिती प्रारूप मांडलं. शरीराला दोन हातांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायला आवडते, आणि घाईत ते तिकडेच घसरतं. दोन चेंडूंनी ड्रिबल करताना हेच दिसतं. दोन्ही चेंडू एकदम आपटणं थोड्या सरावाने जमतं. आळीपाळीने, एक वर तर एक खाली, हे वेग वाढला की मोडतं. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीफन करीचा सामन्यापूर्वीचा दोन चेंडूंचा सराव बघायला लोक लवकर येऊन बसतात, आणि अनेकांना तो शोभेचा वाटतो. सामन्यात चेंडू एकच असतो, हे खरं. पण ड्रिबल करणारा हात एक लय धरून असताना दुसऱ्या हाताला बचावपटूला अडवायचं असतं, झेल घ्यायला तयार राहायचं असतं. एका हाताच्या लयीने दुसऱ्याला ओढून नेऊ नये, एवढं स्वातंत्र्य कमवायला दोन चेंडूंचा सराव उपयोगी पडतो. दुसरा बास्केटबॉल नसेल तर एका हाताने ड्रिबल आणि दुसऱ्याने टेनिसचा चेंडू वर उडवून झेलणं हा पर्याय कमी प्रतीचा नाही. त्यात डोळे आपोआप वर राहतात.

किती वेळ करायचं, या प्रश्नात घर कोर्टावर सरळ मात करतं. कोर्टवर जायचं तर जाण्यायेण्यासकट दोन तास मोडतात, म्हणून लोक आठवड्यातून दोनदा जाऊन भरपूर करतात. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढंच कौशल्य यायला एकूण तास सर्वांत कमी लागले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना सर्वांत जास्त. गंमत अशी की एक तासवाला गटच आपल्या प्रगतीवर सर्वांत नाराज होता, कारण त्यांचे दिवस जास्त गेले. घरी सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं करणाऱ्या मुलालाही तसंच वाटणार, हे पालकांनी आधीच ओळखून असावं. शी आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगातही अशीच फसगत दिसली. हाताच्या तीन हालचाली एकेक करून पूर्ण घोटणारे सरावाच्या वेळी पुढे होते, तिन्ही उलटसुलट मिसळून करणारे मागे. दहा दिवसांनी तपासलं तर मिसळून करणारे पुढे निघाले. म्हणून पन्नास क्रॉसओव्हर, म्हणजे समोरून हात बदलणं, मग पन्नास पाठीमागून, असे ढीग लावण्यापेक्षा दुसऱ्याने पुकारावं आणि मुलाने त्या क्षणी बदलावं. दिसायला ते गबाळं दिसतं.

सर्वांत वजनदार आक्षेप याच्या पुढचा आहे. जागेवर उभं राहून कमावलेलं कौशल्य सामन्यात उतरत नाही, असं अनेक प्रशिक्षक म्हणतात, आणि त्यांच्या बाजूला भक्कम आधार आहे. सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञ निकोलाय बर्नश्टाइन यांनी १९२०च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली चित्रित केल्या. हातोडा दर वेळी नेमका बसत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी होती. कसब म्हणजे एकच हालचाल हुबेहूब छापत राहणं नव्हे, तेच फळ नव्या वाटेने गाठणं. मग खोलीच्या मधोमध उभं राहून हजार वेळा तोच टप्पा मारण्याने काय साधणार?

घरच्या सरावाचे समर्थक इथे अमेरिकी बास्केटबॉलपटू पीट मॅराविचचं नाव घेतात. वडील प्रेस मॅराविच बास्केटबॉलचे प्रशिक्षक. त्यांनी मुलासाठी चेंडू हाताळण्याचे असंख्य प्रकार रचले आणि मुलाने लहानपणापासून ते घोटले. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून तीन हंगामांत त्याने सामन्यामागे ४४.२ गुणांची सरासरी राखली, तीही तीन गुणांची रेषा नसताना. १९८७ मध्ये त्याने हे प्रकार दाखवणारी चित्रफीत मालिका काढली, तिचं नावच ‘होमवर्क बास्केटबॉल’. पण हा पुरावा मी लंगडा समजतो. तसाच सराव करून कुठेच न पोचलेल्या मुलांची कोणी चित्रफीत काढत नाही, आणि मॅराविच घरच्या सरावाइतकाच रोजच्या सामन्यांमध्येही वाढला होता. त्याच्या प्रकारांमधून एक गोष्ट मात्र नक्की घेण्यासारखी आहे: त्यांत प्रचंड विविधता आहे. चेंडू पायांमधून आपटून पाठीमागे झेलणं, झेलणारे हात मध्येच पुढचे मागे करणं, असं सतत काहीतरी बदलत असतं. बर्नश्टाइन यांच्या आधाराने घेतलेल्या आक्षेपाला उत्तर याच दिशेने मिळतं. उंची बदला, वेग बदला, बसून करा, एका गुडघ्यावर करा, चालत करा, फरशीवरून गच्चीच्या खडबडीत कोब्यावर जा. हजार टप्पे मारायचेच असतील तर ते हजार एकसारखे नकोत.

तरीही आक्षेपाचा अर्धा भाग उरतोच. कधी ड्रिबल करायचा, कधी थांबवायचा, बचावपटूचा पाय कोणत्या बाजूला जड पडलाय, पासची वाट कोणत्या क्षणी उघडते, हे घरात शिकता येत नाही, कारण त्याचं उत्तर दुसऱ्या माणसाच्या शरीरात असतं. मुंबईत नागपाड्याने इतके बास्केटबॉलपटू दिले ते दाटीवाटीच्या वस्तीत, मोठ्या घरांशिवाय. तिथल्या मुलांना मस्तान वायएमसीएसारखं कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि त्यावर आपल्याहून मोठ्या मुलांशी रोज भिडायला मिळत होतं. ती शाळा कोणत्याही बैठकीच्या खोलीत भरत नाही. फार तर भावंडाने किंवा आईने समोर उभं राहून अधूनमधून हात आडवा घालावा. तेवढ्यानेही चेंडू शरीराच्या आड ठेवण्याची सवय लागते.

त्यामुळे घरचा सराव कुठे थांबवायचा, याची खूण आधीच ठरवून ठेवलेली बरी. दोन्ही हातांनी, डोळे वर ठेवून, पाढा न अडखळता आणि पुकारलं की प्रकार बदलत मूल दोन-तीन मिनिटं चेंडू राखू लागलं, की त्या प्रकारांना घरात आणखी तास घालणं वाया जातं. यानंतर त्याच्या हातून ज्या चुका व्हायच्या आहेत, त्या घरात होतच नाहीत. त्या व्हायला समोर चेंडू हिसकावणारं कोणीतरी लागतं. घरातली ती वीस मिनिटं मग अजून मान खाली घालायला लावणाऱ्या हातासाठी ठेवावीत, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो डावा असतो.